बॅटरी क्रमांक सात

शाळा मंडळाचा कागद आलाय:
‘या उपक्रमाचे फायदे लिहा. तीन ओळी.’
पुढच्या वर्षी पैसे द्यायचे की नाहीत, ते त्यावर ठरणार.
माझा अजून दप्तरातच आहे,
सँडविचच्या तेलाने पारदर्शक झालेला.

मी पिझ्झ्यासाठी आलो होतो. खरं ते खरं.
शुक्रवारी फुकट मिळतो असं कळलं होतं,
आणि घरी वडील बसलेले असायचे खुर्चीत,
टीव्ही न लावता.
कागदाची गिरणी बंद झाली तेव्हा मी दुसरीत होतो.
अँड्रोस्कॉगिनवरून वारा आला की गाव अजून नाक मुरडतं.
वास गेला, सवय राहिली.

शाळेच्या तळघरात, बॉयलरला लागून आमची खोली.
रेजाँ तिबोदो गुडघे धरत जिना उतरतो.
एकतीस वर्षं गिरणीतल्या यंत्रांना कान लावून
कुठलं बेअरिंग कधी रडणार ते आधी सांगणारा माणूस.
पहिल्या दिवशी त्याने माझ्या हातात पाना दिला नाही.
म्हणाला, “तू बॅटऱ्या सांभाळ.”

सात होत्या. पाठीवर चिकटपट्टी, पट्टीवर आकडा.
कोण टच्च भरलेली, कोण दमलेली,
वहीत लिहीत गेलो, रोज रात्री, तारखेसकट.
(आयुष्यात मी पूर्ण भरलेली ती पहिली वही.)
सातवी लबाड. मीटर लावा: तेरा व्होल्ट, छाती पुढे.
ओझं टाका: मान खाली.
तिला मी लगेच ओळखलं.

इफ्राह वारसमे प्रोग्राम लिहिते.
आईशी सोमाली, तिबोदोशी शिकाऊ फ्रेंच,
आणि त्या यंत्राशी अशी एक भाषा
जिच्यात एक अर्धविराम सांडला तरी सगळं मुकं.
दोन वर्षं आम्ही एका वर्गात होतो, तोंडओळखही नाही.
आता रात्री नऊला भांडतो,
कोपर किती अंशांत थांबावं यावरून,
आणि तिचा भाऊ बाहेर गाडीत हॉर्न वाजवत बसतो.

मार्चमध्ये बँगोर.
बर्फातून अडीच तास, मांडीवर यंत्राचा हात.
दुसऱ्या सामन्यात साखळी तुटली, टण्णकन.
किनाऱ्याकडच्या एका शाळेने, सगळ्यांची निळी जाकिटं,
स्वतःच्या पेटीतली साखळी काढून दिली.
पुढचा सामना त्यांच्याशीच होता.
मी म्हटलं, का? त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली,
“उभ्या यंत्राला हरवायचंय आम्हाला.”
ही तऱ्हा नवी. माझ्या ओळखीच्या दुनियेत
पडलेल्याच्या खिशात आधी हात जातो.

साखळी बसली. तिबोदो म्हणाला, “बॅटरी.”
पाच संपलेल्या, एक चार्जरवर अर्धी. उरली सातवी.
गप्प बसून लावली असती तर कळलं नसतं कुणाला,
निदान अर्ध्या सामन्यापर्यंत.
मी वही उघडली.
“ही ओझ्याखाली कोसळते. हात एकदम वर नेला तर.”
घसा कोरडा.
कुणी ओरडलं नाही.
इफ्राहने लॅपटॉप ओढला: “मग एकदम नाही नेणार.”
चार मिनिटांत वेग निम्म्यावर आला,
आणि त्या झगमगाटात आमचं यंत्र,
म्हाताऱ्या माणसाने फडताळातून बरणी काढावी तसं,
एकेक चेंडू उचलत राहिलं.
सातवी शेवटच्या भोंग्यापर्यंत टिकली.

आम्ही हरलो. एकोणचाळिसांत सत्ताविसावे.
परतताना व्हॅनमध्ये इतके हसलो
की ड्रायव्हरने आरसा वळवून पाहिलं.

एप्रिलच्या थंडीत घरचा हीटर विझला.
माणूस बोलवायला पैसे नव्हते.
मी मीटर घेऊन खाली गेलो, एकेक तार तपासत, लिहीत.
मागे जिना वाजला.
वडील काही बोलले नाहीत. टॉर्च धरला.
बऱ्याच वेळाने म्हणाले, “थोडं डावीकडे.
गिरणीत आमच्याकडे असाच रिले होता.”

तो कागद उद्या द्यायचाय.

बॅटऱ्या सात आहेत.
आठवी हवी.
सातवी टाकायची नाही.